एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर: कागदपत्रांना चोख, निवाड्याला डळमळीत

प्रशिक्षकाचा होकार आला, विद्यापीठाचा प्रवेश झाला, विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हातात पडला, तरी अमेरिकेतल्या डिव्हिजन वन किंवा डिव्हिजन टू (कॉलेजांच्या खेळातल्या वरच्या दोन श्रेणी) कॉलेजच्या संघातून सामना खेळता येत नाही. त्यासाठी कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या इंडियानापोलिसमधल्या एलिजिबिलिटी सेंटरचा, म्हणजे पात्रता केंद्राचा, शिक्का लागतो. हे सेंटर दोन गोष्टी तपासतं. नववी ते बारावीचा अभ्यास पुरेसा आहे का, ही एक. खेळाडू ‘हौशी’, म्हणजे खेळातून पैसे न कमावणारा, आहे का, ही दुसरी. पहिलं काम सेंटर नीट करतं. दुसऱ्या कामात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे निवाडे झाले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तर त्यातून एक सुसंगत नियम काढून दाखवणं अवघड आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ व २००८ असा लागोपाठ दोनदा एनसीएएचा एकेरी विजेता झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. या वाटेने जाणारी मुलं आपल्याकडे वाढत असताना या सेवेची पारख करायची, तर सर्वांत जास्त वेळ त्या दुसऱ्या कामावरच द्यावा लागेल.

आधी व्यवहाराचं. खाती तीन प्रकारची. नुसतं प्रोफाइल फुकट असतं; त्याचा उपयोग नोंद ठेवण्यापुरता. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला फक्त हौशीपणाची तपासणी करणारं खातं लागतं. डिव्हिजन वन आणि टूसाठी अभ्यास आणि हौशीपणा, दोन्हींचं खातं. परदेशी विद्यार्थ्याचं शुल्क अमेरिकेतल्या विद्यार्थ्यापेक्षा बरंच जास्त आहे आणि एकदा जमा झालं की परत मिळत नाही. म्हणून कॉलेज कोणत्या डिव्हिजनचं हे पक्कं नसेल तर आधी फुकटचं प्रोफाइल उघडा. ते नंतर बदलून घेता येतं. अनेक घरांत उत्साहाच्या भरात सगळ्यात महागडं खातं दहावीतच उघडलं जातं. त्याने कुणाचाही निकाल लवकर लागत नाही, कारण एखादं कॉलेज तुमचं नाव आपल्या मागणी यादीत घालेपर्यंत सेंटर अंतिम निर्णयाला हात लावत नाही.

अभ्यासाची बाजू सरळ आहे. डिव्हिजन वनसाठी मूळ विषयांचे सोळा कोर्स लागतात: इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, या तिन्हींपैकी कुठलाही आणखी एक, सामाजिक शास्त्रं दोन, आणि उरलेले चार याच विषयांतून किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशांतून. गुणांची सरासरी (चारच्या मोजपट्टीवर) किमान २.३, डिव्हिजन टूला २.२. सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाली. मात्र विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकतं, ती गोष्ट वेगळी. भारतासाठी नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, शिवाय एसएससी आणि एचएससी या दोन्ही बोर्ड परीक्षांची प्रमाणपत्रं मागितली जातात. राज्य मंडळाच्या गुणपत्रिका इंग्रजीत असतात, त्यामुळे तिथे अडत नाही. अडतं ते मराठी माध्यमाच्या शाळेने नववीला दिलेल्या प्रगतिपुस्तकावर. त्याचं इंग्रजी भाषांतर मूळ प्रतीसोबत द्यावं लागतं आणि शाळेच्या शिक्क्याची प्रत काढायला मे महिन्यात शाळा बंद असते. हे काम दिवाळीच्या आधी उरकून टाका. दुसरी खोच गणिताची. अकरावीला कला किंवा वाणिज्य घेऊन गणित सोडलं तर तीन कोर्सांचा हिशेब अडचणीत येऊ शकतो. विषय निवडतानाच हे पाहायला हवं. बारावी झाल्यावर त्यावर इलाज महाग पडतो.

एवढ्यापुरतं सेंटरला चांगले गुण द्यायला हरकत नाही. देशागणिक कोणती परीक्षा मानली जाते याची त्यांची पुस्तिका नेमकी आहे, आणि भारतातल्या दहावी-बारावीच्या रचनेची समज त्यांना बऱ्याच विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांपेक्षा जास्त आहे.

आता हौशीपणा. खात्यात खेळाचा अनुभव म्हणून एक लांबलचक प्रश्नावली असते. कोणत्या क्लबकडून खेळलात, कोणत्या स्पर्धा, बक्षिसाची रक्कम किती, खर्च कुणी केला, कुणाशी करार केला का, एजंट होता का. २००७ पासून ही तपासणी एका जागी आली. त्याआधी प्रत्येक कॉलेज आपल्या खेळाडूचं आपणच ठरवत असे, आणि एकाच देशातल्या एकाच क्लबमधून आलेल्या दोन मुलांना दोन कॉलेजांत दोन वेगळी उत्तरं मिळत. एका छताखाली आणण्यामागचा हेतू रास्त होता. उत्तरं शेवटी तीन प्रकारची येतात: अंतिम मान्यता, अटींसह मान्यता, किंवा अमान्य. अटींसह म्हणजे बहुधा काही सामने बाहेर बसा आणि जादा मिळालेली रक्कम धर्मादाय संस्थेला द्या.

सगळी गाडी ज्या एका कल्पनेवर चालते ती म्हणजे ‘प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्च’. स्पर्धेला जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, जेवण, प्रवेश शुल्क, प्रशिक्षण, साहित्य, वैद्यकीय खर्च एवढं कुणी दिलं तर खेळाडू हौशीच. त्यावर एक रुपया आला की प्रश्न सुरू. वाचायला हे स्वच्छ वाटतं. पण तोच पैसा कोण देतं, कोणत्या खेळात देतं आणि त्याला काय नाव देतं यावर उत्तर बदलतं. अन्याय इथे शिरतो. कडकपणाचं तेवढं वाईट वाटत नाही. कडक नियम सगळ्यांना सारखा असला तर खेळाडू त्याप्रमाणे वागतो.

क्रिस वाइंकी हा टोरंटो ब्लू जेज संघटनेच्या दुय्यम संघांतून सहा वर्षं पगारी बेसबॉल खेळला आणि मग फ्लोरिडा स्टेटकडून अमेरिकन फुटबॉल खेळून २००० साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. नियमाला धरून होतं ते. एका खेळात पगारी, दुसऱ्यात हौशी, हे चालतं. जेरेमी ब्लूम हा बर्फावरच्या मोगल्स स्कीइंगचा २००३ चा जगज्जेता, कोलोरॅडो विद्यापीठाचा फुटबॉलपटूही. स्कीइंगमध्ये सराव आणि प्रवास जाहिरातदारांच्या पैशावर चालतो. तिथे पगार देणारा मालकच नसतो. एनसीएएने जाहिरातीचा पैसा घेऊ दिला नाही. तो कोर्टात गेला, २००४ मध्ये कोलोरॅडोच्या अपील न्यायालयात हरला, आणि त्याची फुटबॉलची पात्रता संपली. दोघांचा पैसा दुसऱ्या खेळातला. एकाला पगार म्हणून मिळाला, दुसऱ्याला जाहिरात म्हणून. ज्या खेळाची अर्थव्यवस्था पगारावर उभी नाही त्यातला खेळाडू नुसत्या नावापायी मारला गेला.

पोहणं आणि टेनिस यांची तुलना तर आपल्याकडच्या पालकांनी फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगने १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं. तो तेव्हा टेक्सास विद्यापीठाचा पोहणारा. त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीच्या योजनेतून १० लाख सिंगापूर डॉलर जाहीर झाले, ते त्याने घेतले आणि पुढे कॉलेजकडून पोहलाही. कारण अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीकडून पदकासाठी मिळणारा पैसा आधीपासून मान्य होता, आणि २०१५ मध्ये तीच सवलत परदेशी खेळाडूंना त्यांच्या देशाच्या तशाच योजनेसाठी देण्यात आली. चांगला निर्णय. आता टेनिस. रीस ब्रँटमायर २०२१ मध्ये शाळेत असताना अमेरिकन ओपनमध्ये खेळली, बक्षिसाची रक्कम ४९ हजार डॉलरच्या आसपास होत होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे टेनिसपटूला कॉलेजपूर्व काळात एका वर्षात १० हजार डॉलरपर्यंत ठेवता येत, त्यापुढे फक्त त्या त्या स्पर्धेचा खर्च. उरलेलं सोडून द्यायचं. त्यातही कोणता खर्च धरायचा यावरून वाद लांबला आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून पहिल्या सत्रात तिला उतरता आलं नाही. मार्च २०२४ मध्ये तिने फेडरल कोर्टात दावा लावला. एका खेळात देशाने दिलेले लाखो डॉलर चालतात. दुसऱ्यात स्पर्धेच्या आयोजकाने त्याच कामगिरीसाठी दिलेले काही हजार चालत नाहीत. दोघांनीही मैदानात कमावलेलं. या भेदाला खेळाच्या अंगाने एकही समर्थन सापडत नाही. टेनिसच्या रकमेचे नियम त्या दाव्यामुळे हलते आहेत, तेव्हा खाते उघडण्याच्या दिवशी त्या वर्षीचा मजकूर वाचा. मागच्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेला आकडा धरू नका.

एनेस कांटरचा निवाडा आणि जेम्स नाजीचा निवाडा यांच्यात पंधरा वर्षांचं अंतर आहे. कांटर तुर्कस्तानच्या फेनेरबाचे क्लबमध्ये किशोरवयात वाढला. युरोपात शाळेचा संघ नावाची गोष्ट नसते. चांगला मुलगा क्लबच्या अकादमीतच जातो, आणि क्लब त्याचं शिक्षण, राहणं, भत्ता पाहतो. हिशेबात खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त निघाले आणि जानेवारी २०११ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या या खेळाडूला कायमचं अपात्र ठरवण्यात आलं. काही सामन्यांची बंदी, रकमेची परतफेड, असला मधला मार्ग दिला गेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नायजेरियाचा नाजी बेलर विद्यापीठाकडून खेळायला मोकळा झाला, चारही वर्षांच्या पात्रतेसह. तो २०२३ च्या एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, एकतिसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला होता आणि बार्सिलोनाच्या मोठ्या संघातून व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेला होता. नाजीला मोकळं केलं ते चूक, असं नाही. चूक ही की या दोन निवाड्यांच्या मधल्या काळात ‘हौशी’ शब्दाचा अर्थ कुणी बसून, विचार करून, लिहून बदलला नाही. कोर्टाचे फटके बसत गेले तशी रेघ मागे सरकत गेली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून नाव, छबी आणि प्रसिद्धीवर पैसे कमावण्याची मुभा आली. ६ जून २०२५ रोजी हाउस नावाच्या खटल्यातला समझोता कोर्टाने मंजूर केला आणि कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. विद्यापीठाच्या तिजोरीतून पैसा मिळतो तेव्हा खेळाडू पात्र, आणि सोळाव्या वर्षी क्लबने भत्ता दिला तर अपात्र, हे आता टिकत नाही. ते सेंटरलाही कळतं. कांटरसारख्यांना मात्र त्याचा काही उपयोग नाही.

आइस हॉकीचंही असंच. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये मुलांना महिन्याला फार तर ६०० डॉलर भत्ता मिळे, पण संघात काही मुलं एनएचएल या व्यावसायिक लीगशी करारबद्ध असत, म्हणून अख्खी लीग व्यावसायिक ठरवलेली होती. सोळाव्या वर्षी तिथे एखाद-दुसरा सराव सामना खेळलेला मुलगाही अमेरिकन कॉलेजला मुकत असे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दावा लागला, नोव्हेंबर २०२४ मध्ये डिव्हिजन वनच्या परिषदेने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडलं. दाव्यापासून बदलापर्यंत तीन महिने लागले. त्याआधीची कित्येक दशकं अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट तीन महिन्यांत शक्य झाली.

आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण त्यातला शब्द आपल्या मुलांनाही लागू होतो. तो शब्द म्हणजे ‘संघटित स्पर्धा’. अमेरिकी नौदलाच्या मरीन दलात पाच वर्षं नोकरी करून स्टीव्हन रोड्स २०१३ मध्ये मिडल टेनेसी स्टेटमध्ये आला. छावणीत जवान आपापसांत हौसेने फुटबॉल खेळत. पण त्या सामन्यांना पंच होते, गणवेश होता, गुण मोजले जात, वेळ ठरलेली असे. नियमपुस्तकाच्या व्याख्येत ती संघटित स्पर्धा बसली आणि त्याला आधी अपात्र ठरवलं गेलं. ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांत ओरड झाली आणि काही दिवसांत त्याला मोकळं केलं. व्याख्या शब्दशः लावली तर सोसायटीची टेनिस लीगही संघटित स्पर्धा होते. मोकळं होण्यासाठी देशभर बातमी व्हावी लागते, ही यंत्रणेची सर्वांत मोठी उणीव, कारण ज्याची बातमी होत नाही असा खेळाडू संख्येने कितीतरी जास्त असतो. कुणी म्हणेल, अपवाद केला ते चांगलंच झालं. केला ते चांगलं. पण डिसेंबर २०१० मध्ये ओहायो स्टेटच्या पाच फुटबॉलपटूंना स्वतःच्या वस्तू विकल्याबद्दल पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांची बंदी देऊन तोंडावरची शुगर बोल ही हंगामअखेरची मोठी लढत मात्र खेळू दिली, तोही अपवादच होता. त्याच हंगामात जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने आपली जर्सी १००० डॉलरना विकली म्हणून तो चार सामने तात्काळ बाहेर बसला. त्याच्यासाठी कुठला मोठा सामना थांबलेला नव्हता.

तक्रार कुणी करायची, ही दुसरी गंभीर गोष्ट. नोंदणीचं शुल्क खेळाडू भरतो, प्रश्नावली खेळाडू भरतो, परिणाम खेळाडू भोगतो. पण निवाड्यावर दाद मागण्याचा हक्क कॉलेजला आहे. खेळाडू पक्षकार नसतो. ठरलेला क्रम असा: कॉलेजनेच आपल्या खेळाडूला अपात्र जाहीर करायचं, मग कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) कार्यालयाने पात्रता परत मिळवण्याचा अर्ज करायचा, एनसीएएचे कर्मचारी निर्णय देतात, तो मान्य नसेल तर कॉलेजने समितीकडे अपील करायचं. तुमच्या मुलीची बाजू किती नेटाने मांडली जाईल हे कॉलेजच्या पैशावर, वकिलांवर आणि तिची संघाला किती गरज आहे यावर ठरतं. केंटकीसारखं कॉलेज पुन्हा पुन्हा अर्ज करतं. छोट्या कॉलेजच्या एकट्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याकडे दीडशे-दोनशे खेळाडूंच्या फायली असतात.

कोर्टात गेलं तर? तिथे परतफेडीचा नियम आडवा येतो. कोर्टाच्या मनाई हुकमावर खेळाडू खेळला आणि पुढे तो हुकूम उठला, तर त्या काळातले विजय, विक्रम, पैसा कॉलेजकडून काढून घेता येतो. म्हणून हुकूम हातात असूनही कॉलेज खेळाडूला बाकावर बसवू शकतं. ओक्लाहोमा स्टेटचा बेसबॉलपटू अँडी ऑलिव्हर याने २००८ मध्ये ओहायोच्या कोर्टात हाच नियम आणि एजंटबंदी, दोन्हींना आव्हान दिलं. शाळेतून निघताना मिनेसोटा ट्विन्स या व्यावसायिक संघाशी बोलणी चालू होती तेव्हा वकील खोलीत बसला होता, एवढाच त्याचा दोष. न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने कौल दिला, आणि पुढे एनसीएएने त्याला साडेसात लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मिटवल्यामुळे नियम जागेवर राहिला.

हे सगळं लक्षात घेऊन आपल्याकडच्या घराने काय करायचं, ते सांगतो. बक्षिसाच्या प्रत्येक स्पर्धेसाठी एक वेगळं पाकीट ठेवा. आत प्रवेश शुल्काची पावती, रेल्वे किंवा एसटीचं तिकीट, हॉटेलचं बिल, जेवणाची बिलं, रॅकेट स्ट्रिंगिंगची पावती आणि आयोजकाने दिलेल्या रकमेचा बँकेतला पुरावा, टीडीएस कापला असेल तर त्याचा कागद. हॉटेलचं बिल खेळाडूच्या नावावर घ्या. आई किंवा वडील त्याच खोलीत राहिले असतील तर त्यांचा वाटा वेगळा लिहा, कारण पालकाचा खर्च खेळाडूचा खर्च म्हणून धरला जात नाही. वजाबाकी स्पर्धेगणिक होते. छत्रपती संभाजीनगरच्या स्पर्धेत झालेला तोटा पुण्यातल्या नफ्यातून वजा करता येईल असं गृहीत धरून चालू नका. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) ज्युनियर स्पर्धांत बक्षिसाचा पैसा नसतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. काळजी अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या (एआयटीए) रोख बक्षिसाच्या स्पर्धांची आणि आयटीएफच्या एम-१५, डब्ल्यू-१५ या सर्वांत खालच्या व्यावसायिक पातळीची. तिथे पहिल्या फेरीत हरलं तरी थोडी रक्कम हाती येते, आणि नोंद सार्वजनिक असते. लपवून काहीच हाती लागत नाही. प्रश्नावलीत न लिहिलेली आणि नंतर सापडलेली शंभर डॉलरची रक्कम, लिहिलेल्या हजार डॉलरपेक्षा जड जाते.

खेलो इंडियाच्या शिष्यवृत्तीत दरमहा १० हजार रुपये हातखर्च येतो, बाकी प्रशिक्षण आणि राहण्यावर. सरकारी संस्थेने प्रशिक्षणासाठी केलेला खर्च नियमात बसतो. पण तो खर्चच आहे हे दाखवता आलं पाहिजे. त्या खात्याचं पासबुक वेगळं ठेवा. राज्य सरकारच्या रोख पुरस्काराबाबत जास्त सावध राहा. स्कूलिंगला मिळालेली सवलत ऑलिंपिक समितीच्या योजनेच्या शब्दांत लिहिलेली आहे. शिवछत्रपती पुरस्काराची किंवा राष्ट्रीय पदकाबद्दल मिळालेली रक्कम त्यात आपोआप बसते असं मानू नका. कॉलेजच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याला आधी मेलने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं ‘इट्स फाइन’ पुढे कुणाला आठवत नाही.

मुंबई-पुण्यात अमेरिकन कॉलेज मिळवून देणारे सल्लागार पुष्कळ झाले आहेत. त्यांच्याकडे जाणं नियमबाह्य नाही. माहिती आणि व्हिडिओ कॉलेजांना पाठवण्याचे ठरावीक पैसे घेतले तर चालतं. फी शिष्यवृत्तीच्या रकमेवर किंवा प्रवेश मिळण्यावर बांधलेली असली की तो माणूस नियमाच्या भाषेत एजंट होतो आणि पात्रता धोक्यात येते. ‘शिष्यवृत्तीच्या दहा टक्के, काम झाल्यावरच द्या’ ही ऑफर पालकांना सुरक्षित वाटते. नेमकी तीच घातक आहे. करारावर सही करण्याआधी फीचं कलम वाचा.

बारावीनंतरचा काळ हा आपल्या मुलांचा सर्वांत मोठा घात करतो. नियमानुसार शाळा संपण्याची तारीख ही अपेक्षित तारीख असते, नववीपासून मोजलेली. त्यानंतर बहुतेक खेळांना एक वर्षाची सवलत, टेनिसला मात्र सहा महिन्यांची. त्या मुदतीनंतरही कॉलेजला प्रवेश न घेता संघटित स्पर्धा खेळत राहिलं तर पात्रतेचं एक वर्ष जातं आणि पहिलं वर्ष बाहेर बसावं लागतं. बारावी पुन्हा दिली, नीट किंवा जेईईसाठी एक वर्ष घेतलं, किंवा रँकिंग सुधारायला वर्षभर स्पर्धा खेळल्या, तर घड्याळ थांबत नाही. टेनिसमध्ये मे महिन्यात बारावी झालेल्या मुलीने पुढच्या जानेवारीच्या सत्रापर्यंत प्रवेश घ्यायलाच हवा, असा हिशेब डोक्यात ठेवा. एक वर्ष थांबून मोठ्या कॉलेजची वाट पाहण्यापेक्षा यंदा मिळणारं मध्यम कॉलेज पात्रतेच्या दृष्टीने जवळजवळ नेहमी फायद्याचं ठरतं.

नव्या पैशाबद्दल एक गैरसमज आहे. कॉलेज पैसे देतं म्हणजे आपल्या मुलालाही मिळतील, असं नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काम करण्याला मर्यादा आहेत, आणि जाहिरातीसाठी अमेरिकेत बसून केलेलं चित्रीकरण अनधिकृत रोजगार ठरू शकतं. एनसीएए ज्याला हिरवा कंदील दाखवते त्यालाच इमिग्रेशन खातं लाल दाखवतं. अमेरिकन सहकाऱ्याला मुभा असलेली कमाई त्याच संघातल्या परदेशी खेळाडूला धोक्याची, हा नव्या व्यवस्थेतला भेद आहे आणि त्यावर सेंटर काहीही मार्गदर्शन करत नाही. करार करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. प्रशिक्षकाला या कायद्याची माहिती असेलच असं नाही.

पाच पैकी गुण द्यायचे तर अभ्यासाच्या तपासणीला चार, हौशीपणाच्या निवाड्याला दोन. नियम चुकीचा असणं मान्य करता येतं, बदलणंही. पण चूक झाल्याचं कबूल करून मागच्यांची दखल घेण्याची सोय या सेवेत नाही, आणि पैसे भरणाऱ्या खेळाडूला स्वतःच्या नावाने एक अर्जही करता येत नाही. तो हक्क मिळाला तर आम्ही आणखी एक गुण आनंदाने देऊ. एनएआयए या एनसीएएबाहेरच्या छोट्या संघटनेच्या कॉलेजांचा पर्याय ज्यांना मोकळा आहे त्यांनी तोही समांतर चालू ठेवावा. त्यांचं पात्रता केंद्र वेगळं आहे आणि नावाच्या कमाईची मुभा त्यांनी एनसीएएच्या आधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये दिली होती.

ऑगस्टच्या सत्रासाठी जाणाऱ्यांनी १ एप्रिलपासून खात्यात जाऊन अंतिम हौशीपणाच्या प्रमाणपत्राची विनंती स्वतः करायची असते. जानेवारीत जाणाऱ्यांनी १ ऑक्टोबरपासून. ते बटण दाबल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही, आणि बहुतेक ‘अजून काही कळलं नाही’ या तक्रारींचं कारण तेवढंच असतं. बटण दाबण्याआधी प्रश्नावली एकदा पुन्हा वाचा, मार्चनंतर खेळलेल्या स्पर्धा त्यात भरा आणि सगळ्या पानांची प्रत काढून त्या पाकिटांसोबत ठेवा.